कालावलच्या खाडीत बिंदू चौक

कोकणातून परत आलेल्या कोल्हापूरकराला सगळे एकच विचारतात, मासे खाल्ले का? खाल्ले, पोटभर खाल्ले. पण आम्ही मासे खायला गेलो नव्हतो. आम्ही गेलो होतो एक मासा बघायला, जिवंत, उथळ पाण्यात पोहताना. तो मला दिसला, आणि ज्याला दिसायला हवा होता त्याला दिसला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी बरं घडेल म्हणून कुणी वाचत बसायला नको.

विलास म्हणजे माझा नवरा. आम्ही दोघं एका वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलं नाही. त्याचं लेथचं वर्कशॉप आहे, कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना बारीकसारीक पार्ट करून देतो. लहानपणापासून पंचगंगेत गळ टाकायचा. पण काही वर्षांपूर्वी मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात वेगळंच खूळ शिरलं. तिकडे पूर्वेच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की लांबच लांब वाळू उघडी पडते. भरती सुरू झाली की त्या वाळूवर गुडघाभर पाणी चढतं आणि त्याच्याबरोबर अंगावर काळे पट्टे असलेला मोठा मासा चरायला येतो. माणसं पाण्यात उभी राहून आधी तो मासा नजरेनं हुडकतात आणि मग त्याच्या तोंडापुढे पिसांचं खोटं आमिष टाकतात. गांडूळ नाही, कणीक नाही, शिसं नाही. वजन असतं ते दोरीलाच. ती दोरी हवेत मागेपुढे झुलवायची आणि पीस अलगद पाण्यावर उतरवायचं.

त्यानं रीळ स्वतःच्या लेथवर बनवलं. पिसं चिकनच्या दुकानातून आणली, कोंबड्याच्या मानेचीच पाहिजेत म्हणून त्या दुकानदाराशी वाद घातला. रोज संध्याकाळी कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर दोरी झुलवायचा आणि शेजारी गॅलरीतून विचारायचे, विलासराव, पतंग कुठं हाय? एक दिवस अमेरिकेला जायचं आणि तो पट्टेवाला मासा बघायचा, असं ठरलेलं होतं. मग साखरेनं डोळ्यांवर घाला घातला. डावा गेलाच. उजव्याच्या मधोमध काळोख आहे, समोर धरलेलं बोट दिसत नाही. कडेकडेनं थोडं दिसतं, तेही वस्तू जवळ असली आणि ऊन पाठीशी असलं तर. लेसर झालं, डोळ्यात सुया टोचून झाल्या, आणि एप्रिलात डॉक्टर म्हणाले की आता जे बघायचं ते बघून घ्या.

मला वाटलं, पुण्याला लेकीकडे जाऊ म्हणेल. दोन दिवसांनी म्हणाला की मासा पिसामागं येताना बघायचाय. मी चपात्या लाटत होते, लाटणं खाली ठेवलं.

"पोरगी हाय, मी समोर उभी हाय, आणि तुला मासा बघायचाय?"

"तुम्ही दोघी मला पाठ हायसा," तो म्हणाला. "मासा एकदा पण बघितलेला न्हाय."

मी रागानं सगळ्या चपात्या करपवल्या आणि त्यानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या. अमेरिका तर आता राहिलीच. पण मालवणच्या अलीकडे कालावलच्या खाडीच्या मुखाशी अशीच उथळ वाळू आहे आणि तिथं भरतीबरोबर चोणक येतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. चोणकाला पट्टे नसतात, पण तोही मोठा आणि तसाच शिकारी. मे संपायच्या आत जायला हवं होतं. एकदा पाऊस लागला की खाडी गढूळ होते आणि दिवाळीपर्यंत निवळत नाही. दिवाळीपर्यंत तो डोळा राहणार नव्हता.

तोंडवळी, पहिला दिवस

गाडी मीच चालवते. त्याचा डोळा गेल्यावर पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरताना पाठीमागच्या ट्रकवाल्यांनी माझा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही.

तोंडवळीत बाबल आणि शालन या जोडप्याकडे उतरलो. त्यांचं घर खाडीला लागून, बाबलची लहान होडी आहे, शालन पाहुण्यांचं जेवण करते. दुपारी तिसऱ्यांची आमटी, भात आणि सोलकढी समोर आली. तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले, नारळाच्या वाटणात. चव चांगली होती, पण आमच्या जिभेला तिखट लागल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. मी पिशवीतनं आमची चटणी काढली तेव्हा शालन बघत राहिली. आमच्याकडं पावण्याला नको म्हणेपर्यंत वाढतात आणि नको म्हटल्यावर आणखी वाढतात. इथं एकदाच हळू विचारतात आणि भांडं उचलतात. विलास पहिल्या दिवशी अर्धपोटी उठला, कारण तो सवयीनं एकदा नको म्हणाला होता. त्याचं इन्सुलिनचं पेन शालनच्या फ्रीजमध्ये बांगड्यांच्या शेजारी ठेवलं. पुढचे सगळे दिवस त्या पेनाला आणि सुई टोचलेल्या त्याच्या पोटाला बांगड्याचा वास येत होता.

बाबलनं दुपारनंतर आम्हाला खाडीच्या मुखात वाळूच्या दांड्यावर सोडलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आत कांदळवन, समोर किनाऱ्यावर सुरूची झाडं. भरतीचं पाणी नुकतं वाळूवर चढू लागलं होतं, इतकं नितळ की माझ्या पायाच्या बोटांवरची सुरकुती दिसावी. इतकं सुंदर होतं ते की मला रडूच आलं. तो माझ्या शेजारी उभा होता आणि त्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

ठरलं असं होतं की मासा मी बघायचा आणि त्याला सांगायचा. व्हिडिओत होडीवरचा वाटाड्या घड्याळावरून सांगतो. तोंडासमोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्याला नऊ. विलासला ते पाठ होतं. मला मात्र वाळूवर उभं राहून डोक्यात घड्याळ धरता येईना. मी दहा म्हणायच्या जागी दोन म्हणाले, मग एक म्हणाले, मग नुसतं "तिकडं" म्हणाले. त्यात मला मासा कशाला म्हणतात हेच कळत नव्हतं. ढगाच्या सावलीला मासा म्हणाले, शेवाळाला म्हणाले, एकदा खताच्या रिकाम्या पोत्याला म्हणाले. त्या पोत्यावर त्यानं इतकं सुरेख पीस उतरवलं की मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. गळ पोत्यात अडकला तेव्हा त्याला कळलं.

तो चिडला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर त्यानंच तोड काढली. म्हणाला, घड्याळ सोड, आपण कोल्हापुरात बिंदू चौकात उभं हाय असं समज. समोर दसरा चौक. डाव्या हाताला देऊळ, आणि त्याच बाजूला लांब म्हटलं की रंकाळा तलाव. उजव्या हाताला शाहूपुरी. पाठीमागं मिरजकर तिकटी. जन्मभर त्या चौकातनं ये-जा केलेल्या बाईला हे सांगायला लागत नाही. मी अंगणात नारळाची सोडणं फेकायला लागले आणि ओरडायला लागले, "देऊळ!" "रंकाळा!" "शाहूपुरी!" आणि तो दोरी झुलवून नेमकं त्या सोडणावर पीस टाकायला लागला. एकदाही चुकला नाही. शालन दारात उभी राहून हसत होती. बाबल मोबाईल बाजूला ठेवून बघत राहिला. मला वाटलं, जमणार. कितीतरी महिन्यांत असं काही वाटलं नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी करण्यासारखं काही नव्हतं. खाडीकाठानं फिरलो. बाबलला विचारलं, चोणक येतो का? तो म्हणाला की पूर्वी भरती लागली की बोय माशांच्या मागं चोणक वाळूवर यायचे, आता आठवड्यात एखादा दिसला तर दिसला. सगळीकडं जाळी, आत वाळूचा उपसा. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, झालेल्या गोष्टीसारखं तो सांगत होता. मला ते विलासच्या डॉक्टरांसारखं वाटलं.

दुपारी पुन्हा दांड्यावर. विलासला मी सुरूच्या झाडांकडे तोंड करून उभा केला. त्यामुळे समुद्र डाव्या हाताला आला, आणि मला एकदम गंमत वाटली, कारण कोल्हापुरातसुद्धा रंकाळा मावळतीलाच आहे. शाहूपुरी उगवतीला, इथं कांदळवन उगवतीला. खऱ्या दिशा जुळल्या. मला वाळूवर चौक दिसायलाच लागला. कांदळवन म्हणजे शाहूपुरी हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की तिथल्या एका वाकड्या झाडाला मी मनातल्या मनात आमच्या शेठचं दुकान म्हणायला लागले. शाहूपुरीत स्पेअर पार्टच्या दुकानात मी वीस-एक वर्षं हिशेब लिहिले आहेत.

त्या दिवशी देवळापाशी काहीतरी हललं. मी सांगितलं, त्यानं पीस टाकलं आणि दोरी ताणली गेली. वीतभर तांबोशी होती, तांबूस, अंगठ्याला चावायला बघणारी. मी आनंदानं ओरडले. त्यानं ती डोळ्यापाशी नेली, बाजूनं, खालून, उन्हात धरून बघितली, आणि पाण्यात सोडून दिली. होडीतून बाबल ओरडला.

"खावचो नाय तर धरतास कित्याक?"

विलास नुसता म्हणाला की हाताला कळला, डोळ्याला न्हाय. तेव्हा मला नीट समजलं की मासा धरायचा नव्हताच त्याला. पाण्यातून येणारा, पिसाकडं वळणारा, तोंड उघडणारा मासा त्याला बघायचा होता. तो जवळ यायला हवा, उजेडाच्या बाजूला यायला हवा, आणि त्याच वेळी विलासचं तोंड तिकडं हवं. इतक्या सगळ्या गोष्टी एकदम जुळायला पाहिजेत. रात्री जेवताना मी भाताचे घास मोजून त्याच्या पानात घालत होते आणि मनात म्हणत होते, बाई, हे काही जुळायचं नाही.

तिसरा दिवस

परतायच्या आदल्या दिवशीची ती शेवटची भरती होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात डॉक्टरांकडे डोळ्याच्या इंजेक्शनची वेळ होती.

ऊन मावळतीकडे कललं होतं. समुद्राच्या बाजूला नुसती चकाकी, डोळे फुटतील अशी. कांदळवनाच्या बाजूला मात्र ऊन पाठीशी येऊन पाणी तळापर्यंत उघडं झालेलं. पाणी गुडघ्याला लागलं आणि समुद्राकडून बोय माशांचा थवा उधळत आला, उड्या मारत, जीव घेऊन. त्यांच्या मागं पाण्यात एक लांबडं काहीतरी आलं. ते पोतं नव्हतं, ढग नव्हता. मी इतके दिवस ज्याला मासा म्हणत होते ते सगळं किती चुकीचं होतं ते मला त्या क्षणी कळलं.

"रंकाळा," मी म्हणाले. "विलास, रंकाळ्याकडनं आला. मोठा हाय."

त्यानं दोन वेळा दोरी झुलवली आणि सोडली. पीस पडलं, पण तोवर मासा वळला होता. आमच्या पाठीमागून फिरून जायला लागला. मी म्हणाले, मिरजकर तिकटीकडं गेला. विलास गर्रकन वळला. आता त्याची सुरूच्या झाडांकडे पाठ होती. मासा बोयांच्या मागं वळसा घालून कांदळवनाच्या बाजूला आला आणि तिथं, चार हातांवर, उघड्या पाण्यात थांबला. पाठीवर हिरवट काळा, बाजूला पितळेसारखा, तोंड वर उचललेलं. डोळा लालसर सोनेरी. मी तो डोळा बघितला. एवढ्या जवळ, एवढ्या उजेडात, विलासला तो दिसलाच असता. नुसतं तोंड तिकडं हवं होतं.

"शाहूपुरी!" मी ओरडले. "शाहूपुरी, जवळच!"

विलास उजवीकडे वळला.

उजवीकडे आता समुद्र होता. तो उन्हाच्या चकाकीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोकळ्या पाण्यावर त्यानं आयुष्यातलं सगळ्यात हलकं पीस उतरवलं. मासा त्याच्या पाठीमागं थांबलेलाच होता. मी पुन्हा शाहूपुरी म्हणाले, तो आणखी उजवीकडे सरकला. मी त्याचा हात धरून त्याला फिरवायला झेपावले, पाणी उडालं, आणि मासा गेला. पळालासुद्धा नाही, नुसता वळला आणि कांदळवनाच्या सावलीत शिरला.

"कुठं हाय?"

"गेला."

"शाहूपुरीला टाकलं की मी."

"शाहूपुरी ही हाय," मी कांदळवनाकडे हात करून म्हणाले, आणि मग माझ्या लक्षात आलं की हात केलेला त्याला दिसत नाही.

त्याच्या डोक्यात चौक त्याच्या अंगाबरोबर फिरत होता. तो वळला की दसरा चौकही वळायचा, शाहूपुरी कायम उजव्या हाताला. माझ्या डोक्यात चौक वाळूत रुतलेला होता. माणूस फिरला म्हणून शाहूपुरी कशी फिरेल? दोघांपैकी कुणाचंच चुकलं नव्हतं. अंगणात तो एका जागी उभा होता म्हणून हे आम्हाला कळलंच नाही. नुसतं "डावीकडं" म्हणाले असते तरी पुरलं असतं. डावं-उजवं लहान पोराला कळतं. पण आम्ही कोल्हापूरचे शहाणे.

मी पाण्यातच रडायला लागले. त्यानं माझा खांदा चाचपला आणि म्हणाला, थांब, अजून येईल एखादा. आम्ही उभे राहिलो. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. गढूळ व्हायला लागलं. आता मी डावं, उजवं, पुढं, मागं असं घोकत होते, आणि सांगायला काहीही नव्हतं. होडीतून बाबल हाका मारत होता.

"वयनी, भायर येवा आता. पाणी वाढला."

विलास हलेना. मी त्याच्या हातातली गळाची काठी घेतली तेव्हा त्यानं ती दिली. होडीत बसल्यावर विचारलं, कसा हुता सांग. मी सांगितलं. पाठ, पोट, कल्ले, तोंड, तो डोळा, सगळं सांगितलं, कधी कुणाला काही सांगितलं नसेल इतकं नीट सांगितलं. वल्हवता वल्हवता बाबलही ऐकत होता. माझं संपल्यावर विलासनं मान हलवली.

"चांगलं सांगितलंस," तो म्हणाला. "पण मला बघायचा हुता गं."

त्या रात्री शालननं मुद्दाम चोणकाचं कालवण केलं. कुठून तरी वाटा मिळाला होता तिला. यावेळी ती नको म्हणेपर्यंत वाढत होती. विलासनं एक तुकडा खाल्ला आणि हात धुतला.

परत

सकाळी निघालो. काजूची, आंब्याची झाडं मागं पडली आणि फोंडा घाट सुरू झाला. मी बोलत होते. गप्प बसवत नव्हतं म्हणून बोलत होते. दरीत करवंदाच्या जाळ्या दिसतायत, म्हणाले. एक माकडीण पोटाला पिल्लू धरून कठड्यावर बसलीय, म्हणाले. समोरच्या डोंगराला ऊन लागलंय, अर्ध्यालाच, खालचा अर्धा अजून काळा हाय.

"सुमन," तो म्हणाला. "आता नको सांगू."

तो रागावला नव्हता. सीट थोडी मागं केली, डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, झोपला. पण वळणावर गाडी कलली की त्याचा हात सावरायला वर येत होता, म्हणजे जागाच होता. उजवा डोळा तेवढा अजून थोडा शिल्लक होता, कडेकडेनं, आणि खिडकी त्याच्या बाजूला होती. त्यानं तो उघडला नाही.

घाट संपेपर्यंत मी गप्प बसून गाडी चालवली. ऊन खाली खाली येत होतं, दरी उजळत होती, आणि ते सगळं मला एकटीला दिसत होतं.